कॉव्हेंट्रीस घालविलेला महिना
(एका मोटारीच्या मागच्या आंसाची हकीकत)

परदेशप्रवासाचीं वर्णनें आमच्या वाचकांस नवीं नाहींत. थेम्स नदीवरील पूल, राजवाड्यापुढील पहारा, संग्रहालयांतील ममी यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां इंग्लंडांत सुमारें एक महिना होतों. त्यांतील बहुतेक दिवस कॉव्हेंट्री या एकाच गांवीं गेले, आणि त्या दिवसांतलेही पुष्कळ तास एका जुन्या मोटारीच्या मागच्या भागाजवळ बसून गेले! हें ऐकून आमच्या शेजाऱ्यांस हंसूं आलें; वाचकांसही येईल. परंतु त्या काळ्या, तेलकट, वजनदार वस्तूजवळ बसून जें आमच्या पदरीं पडलें, तें एखाद्या राजवाड्यांत पडलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून ही हकीकत लिहावयाचें योजिलें आहे.

जाण्याचें कारण प्रथम प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आमच्या वडील बंधूंचा धाकटा मुलगा सात वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त तिकडे गेला. कॉव्हेंट्री हें मोटारींचें गांव. २००८ सालीं टाटा मोटर्सनें जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही धंदे फोर्ड कंपनीकडून विकत घेतले, आणि त्यांचें मुख्य ठाणें कॉव्हेंट्रीच्या व्हिटले भागांत आहे. त्यामुळें पुण्याकडील इंजिनियर मंडळींस तें गांव आतां परकें राहिलेलें नाहीं. आमचा पुतण्या मात्र तेथल्याच एका लहान कारखान्यांत काम करतो. इकडे पुण्यास बंधूंचें वय ब्यायशी झालें. वहिनींना जिना चढवत नाहीं. दोघांचें औषधपाणी, डॉक्टर, बँक, रात्रीअपरात्रीं उठणें हा सारा भार थोरल्या पुतण्यावर आणि त्याच्या पत्नीवर पडला आहे. निघण्याच्या आदल्या रात्रीं बंधूंनीं आमच्या हातीं एक बंद पाकीट दिलें आणि म्हणाले, "हें त्याला दे. आणि त्याला घेऊनच ये." थोरला पुतण्या दाराशीं उभा होता. तो कांहींच बोलला नाहीं. पण त्याचें तें न बोलणें पाकिटाहून जड वाटलें.

लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून आगगाडीनें सुमारें एका तासांत कॉव्हेंट्री येतें. गांवाची घडण मोठी विलक्षण आहे. पूर्वीं येथें रेशमी फितींचे माग आणि घड्याळांचे कारखाने होते. १८६० सालीं फ्रान्सशीं व्यापारी तह होऊन फ्रेंच फिती निर्वेध येऊं लागल्या आणि मागवाल्यांवर उपासमारीची पाळी आली. घड्याळांचा धंदाही पुढें बसला. परंतु बारीक दांत्यांचीं चक्रें कातणारे हात गांवांत शिल्लक होते. त्या हातांनीं आधीं शिवणयंत्रें केलीं, मग सायकली केल्या, आणि १८९६-९७ पासून मोटारी केल्या. एक धंदा गेला कीं त्याच हातांनीं दुसरा धरावा, असा या गांवाचा स्वभावच दिसतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या आम्हांस स्टेशनाजवळच्या ग्रेफ्रायर्स ग्रीन नांवाच्या हिरवळीवर घेऊन गेला. तेथें जेम्स स्टार्ली याचें स्मारक आहे. तें १८८४ सालीं उभारलेलें. स्टार्ली हा ससेक्समधील शेतकऱ्याचा मुलगा. शिवणयंत्रांच्या कारखान्यांत तो कारागीर होता आणि पुढें सायकलींच्या धंद्याचा जनक म्हणून प्रसिद्धीस आला. आमच्या हकीकतीस त्याची जरूर आहे ती निराळ्याच कारणासाठीं.

त्या काळीं तीन आणि चार चाकांच्या सायकलींची फार आवड होती. अशा एका गाडीवर दोघांनीं शेजारीं शेजारीं बसावयाचें आणि प्रत्येकानें आपल्या बाजूचें चाक पायांनीं फिरवावयाचें. स्टार्ली आपल्या मुलासह अशा गाडीवरून चालला होता. मुलगा तरुण व जोरकस, बाप वयस्क. मुलाच्या बाजूचें चाक पुढें धांवे, बापाचें मागें राही, आणि गाडी भलतीकडेच वळे. शेवटीं ती रस्ता सोडून कांटेरी झुडुपांत गेली, असें सांगतात. झुडुपांतून उठतांच स्टार्लीनें विचार सुरू केला आणि १८७७ सालीं दोन्ही चाकांस एकाच ठिकाणाहून जोर मिळावा, पण प्रत्येकास आपापल्या गतीनें फिरतां यावें, अशी दांतेरी चक्रांची योजना केली. हीच डिफरन्शियलची योजना. त्याच्याही पन्नास वर्षें आधीं, १८२७-२८ च्या सुमारास, पेकर नांवाच्या फ्रेंच घड्याळजीनें वाफेच्या गाडीसाठीं ती कल्पना काढली होती. परंतु रस्त्यावरील वाहनांत ती रुळविली स्टार्लीनें.

"आणि काका," पुतण्या म्हणाला, "ज्या सायकलीवर तुम्ही शाळेंत जात होतां, तिचा घाट याच्याच पुतण्यानें बसविला. जॉन केम्प स्टार्ली. १८८५ सालची रोव्हर सायकल."

आपल्या इतिहासांत काका-पुतण्यांचें नातें जरासें बदनाम आहे. तें येथें इतकें उपयोगीं पडलेलें पाहून आम्हांस समाधान वाटलें. पाकीट मात्र खिशांतच होतें. तें काढण्याचा धीर झाला नाहीं.

आतां ही डिफरन्शियल म्हणजे काय, हें आमच्या वाचिकांसाठीं थोडें उलगडून सांगतों. आपल्या बैलगाडीस ही अडचण कधीं आली नाहीं. तिचा कणा स्थिर असतो आणि दोन्ही चाकें त्याच्यावर मोकळीं फिरतात. ओढणारे बैल पुढें असतात. मोटारींत मात्र इंजिनाचा जोर चाकांनाच द्यावयाचा असतो. दोन्ही चाकें एका आंसाला घट्ट बसवून तो आंस फिरविला, तर सरळ रस्त्यावर ठीक चालेल. वळणावर चालणार नाहीं. कारण वळतांना बाहेरच्या चाकास अधिक लांब जावें लागतें. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण प्रदक्षिणेंत बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें साडेनऊ मीटर अधिक धांवतें. मग वर्तुळ देवळाएवढें असो कीं गांवाएवढें असो. दोघांस एकच गति लावली, तर कोणी तरी फरफटणारच. टायर झिजतील, नाहीं तर आंस पिळवटून मोडेल.

म्हणून आंसाचे दोन भाग करतात. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोंकास पिनियन हें लहान चक्र असतें. तें क्राउन व्हील या मोठ्या चक्रास फिरवितें. क्राउन व्हीलबरोबर एक पेटी फिरते. त्या पेटींत लहान उपचक्रें असतात, आणि त्यांच्या दोन बाजूंस दोन चाकांच्या आंसांचीं चक्रें. सरळ जातांना सारी पेटी एकजीव होऊन फिरते. वळण आलें कीं उपचक्रें स्वतःभोवतींही फिरूं लागतात आणि एका चाकाची जेवढी गति कमी होईल तेवढीच दुसऱ्यास वाढवून देतात. दोघांच्या गतीची बेरीज कायम. वांटणी मात्र रस्ता ठरवितो.

सौभाग्यवतींनीं हें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "म्हणजे जोडीनें प्रदक्षिणा घालतांना बाहेरच्यानें लांब पावलें टाकावयाचीं आणि आंतल्यानें आंखूड. यांत इंग्रजानें नवें तें काय काढलें?" पुतण्या पोट धरून हंसला.

त्याच्या घरामागच्या खोपटवजा गॅरेजमध्यें १९८४ सालची एक जग्वार होती. एक्सजे-एस जातीची, बारा सिलिंडरांची. ती त्यानें मोडकळीस आलेली असतां स्वस्तांत घेतली आणि तीन वर्षें रविवारच्या रविवारीं जोडीत आणिली. आम्ही पोंचलों तेव्हां तिचा मागचा भाग उचलून ठेवलेला आणि सारा आंस एका लोखंडी पिंजऱ्यासह जमिनीवर काढलेला होता. जग्वारची ही रचना प्रसिद्ध आहे. १९६१ च्या मार्चमध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत ई-टाइप ही गाडी आली, तिच्या मागें ती प्रथम बसविलेली होती. बॉब नाइट हा तिचा योजक. कंपनीचे धनी विल्यम लायन्स यांनीं 'महिन्याभरांत हें तुला जमणार नाहीं' म्हणून त्याच्याशीं पांच पौंडांची पैज मारली आणि ती ते हरले, अशी गोष्ट तेथें सांगतात. मध्यें डिफरन्शियल, तिच्या दोन्ही कुशींस चिकटून ब्रेकच्या तबकड्या, तेथून चाकांकडे जाणारे अर्ध-आंस, खालीं आधाराच्या भुजा, प्रत्येक बाजूस दोन दोन स्प्रिंगा. हें सर्व पिंजऱ्यांत, आणि पिंजरा रबराच्या चार बैठकींनीं गाडीस टांगलेला. त्यामुळें एका चाकास खड्डा लागला तर दुसऱ्यास धक्का पोंचत नाहीं.

गुणाबरोबर दोषही आला. ब्रेकच्या तबकड्या डिफरन्शियलला चिकटून असल्यानें त्यांची धग तिच्या तेलबंद रबरी कड्यांस लागते. कडीं कडक होतात, तेल पाझरतें आणि नेमकें तबकड्यांवर पडतें; मग ब्रेक लागेनासे होतात. हें दुखणें काढावयाचें तर पिंजरा उतरविल्यावांचून नीट गति नाहीं. "बाळंतिणीसारखी खोलींत निजवून ठेवली आहे हो गाडी," असें सौभाग्यवती म्हणाल्या तें खरेंच होतें.

परंतु पुतण्याचें दुखणें तेवढेंच नव्हतें. त्याला गाडी अधिक चपळ करावयाची होती. मूळ गाडींत इंजिनाकडील दांड्याचे २.८८ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होत असे. पुतण्यानें एका जुन्या जग्वारमधून काढलेली ३.५४ प्रमाणाची डिफरन्शियल जुन्या भागांच्या एका विक्रेत्याकडून आणून बसविली. प्रमाण वाढलें कीं चाकांस जोर अधिक मिळतो, गाडी जागेवरून झटकन उठते. पण त्याच वेगास इंजिन सुमारें तेवीस टक्के अधिक फिरतें, आवाज वाढतो, पेट्रोल अधिक जळतें. ज्या गाड्यांत वेगदर्शकास गति गिअरबॉक्समधून मिळते, त्यांत कांटाही खोटा वेग दाखवूं लागतो. हा सौदा त्यानें समजून उमजून केला होता. मात्र गाडी वेग घेऊं लागली कीं मागून एक बारीक, रडका, लांबट आवाज येई. वेग सोडतांच तो बदले. बेअरिंगें झिजलीं असावींत असें मानून त्यानें नवीं आणून ठेविलीं होतीं.

त्या रविवारीं त्याच्या मदतीस एक वृद्ध कारागीर आले. ब्राउन्स लेन येथील जग्वारच्या कारखान्यांत त्यांची उमेद गेलेली. १९५१-५२ पासून तेथें गाड्या जुळविल्या जात. २००५ सालीं तें काम थांबलें, आणि आतां त्या जागीं घरें व नवे गाळे झाले आहेत. म्हाताऱ्यांचें वय आमच्या बंधूंएवढें. पण हात स्थिर. त्यांनीं मागचें झांकण उघडलें, तों जुन्या तेलाचा असा कांहीं उग्र दर्प सुटला कीं सौभाग्यवतींना हिंगाच्या डब्याची आठवण झाली! त्यांची आठवण चुकीची नव्हती. या चक्रांचे दांते एकमेकांवर केवळ टेकत नाहींत, तर घसटत सरकतात. त्या दाबाखालीं साधें वंगण टिकत नाहीं, म्हणून त्यांत गंधकाचीं द्रव्यें मिसळतात. हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा.

चक्रें काढून, धुऊन, एका जुन्या टॉवेलवर मांडलीं गेलीं. सौभाग्यवती चष्मा लावून तीं न्याहाळीत होत्या. मध्येंच त्यांनीं विचारलें, "अरे, या मोठ्या चक्रावर एक आंकडा कोरला आहे आणि या लहानग्यावर दुसराच. असें कां?"

पुतण्यानें तें इंग्रजींत सांगतांच म्हातारे थांबले. त्यांनीं पिनियन उजेडाकडे धरली, मग क्राउन व्हील पाहिलें, आणि हंसून म्हणाले, "बेअरिंगें परत ठेवा. या बाईंनीं रोग ओळखला."

गोष्ट अशी होती. पिनियन आणि क्राउन व्हील कारखान्यांत जोडीनें तयार होतात. दांते कापून, पोलाद कठीण केल्यावर तीं दोन्ही एकमेकांत फिरवून, मध्यें बारीक घांसणारी पूड घालून, एकमेकांस घांसतात. मग दोहोंवर एकच आंकडा कोरतात. त्यानंतर तीं जन्माचीं सोबती. एक मोडलें तर दोन्ही बदलावयाचीं. ३.५४ या प्रमाणांत पिनियनला तेरा आणि क्राउन व्हीलला शेहेचाळीस दांते असतात. तेरा आणि शेहेचाळीस यांस समान विभाजक नाहीं. म्हणून पिनियनचा प्रत्येक दांता क्राउन व्हीलच्या प्रत्येक दांत्यास क्रमानें भेटतो, आणि झीज सर्वांत सारखी वांटली जाते. त्या विक्रेत्यानें, कीं त्याच्या आधींच्या कोणीं, एका जोडींतली पिनियन आणि दुसऱ्या जोडींतलें चक्र एकत्र बसविलें होतें. दांते तेवढेच, माप तेंच, बाहेरून सर्व ठीक. पण आयुष्यभर एकमेकांचे नव्हते. तो रडका आवाज त्यांचा होता.

नवी जोडी मागविली, ती यावयास पांच दिवस लागले. त्या दिवसांत आम्ही गांव पाहिलें. वाहनांच्या संग्रहालयांत थ्रस्ट एसएससी ही गाडी आहे. १९९७ सालीं तिनें जमिनीवरून तासीं १२२८ किलोमीटर जाऊन ध्वनीचा वेग ओलांडला. तिला डिफरन्शियल नाहींच. विमानाच्या इंजिनांच्या झोतानें ती पुढें जाते, चाकें नुसतीं फिरतात. तिला वळणांचा संसार नाहीं, सरळ जावयाचें आणि थांबावयाचें. नंतर आम्ही सेंट मायकेलच्या मंदिरांत गेलों. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं या गांवावर बाँबचा वर्षाव केला. पांचशेंहून अधिक माणसें मेलीं आणि हें जुनें मंदिर जळून गेलें. युद्धानंतर लोकांनीं भग्न भिंती पाडल्या नाहींत. त्यांना लागूनच नवें मंदिर बांधलें. १९६२ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. जुन्याच्या ओसाड अंगणांतून नव्याच्या दारांत जावयाचें. आम्ही तेथें बराच वेळ बसलों. त्याच बांकावर आम्हीं पुतण्याच्या हातीं पाकीट दिलें.

त्यानें पत्र दोनदां वाचलें. मग म्हणाला, "काका, बाबांना मी नको असें वाटतें का? मला रोज तिकडचें स्वप्न पडतें. पण हें काम मला येतें, येथें येतें. परत येऊन मी दादाच्या शेजारीं नुसता बसून राहिलों, तर दादाचा भार हलका होईल का?"

आम्हांस रागच आला. "दादानें काय करावें? त्याला नोकरी नाहीं? त्याला स्वप्नें नाहींत?" असें आम्ही बोलून गेलों, आणि लगेच वाईट वाटलें. परततांना कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

रविवारीं नवी जोडी बसविण्याचें काम निघालें. मंगळवारीं आम्हां सर्वांचें वेल्सच्या समुद्रकांठीं जावयाचें ठरलें होतें, तेंही याच गाडींतून. म्हणून पुतण्या घाईंत होता. म्हातारे घाईंत नव्हते. पिनियन किती खोल बसावी, हें पातळ पोलादी चकत्यांनीं ठरवितात. त्यांस शिम म्हणतात. मग बेअरिंगांस किंचित् दाब द्यावयाचा, सैल नाहीं आणि आवळूनही नाहीं. मग दोन चक्रांत फट ठेवावयाची, ती सुमारें दीड दशांश मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. फट अगदीं नसेल तर दांते तापून जळतात; अधिक असेल तर गाडी निघतांना मागें 'ठक्' असा धक्का बसतो. हें सर्व घड्याळासारख्या एका मापकानें मोजून झाल्यावर दांत्यांस पिवळा लेप लावला आणि चक्र हातानें फिरविलें. लेप जेथें पुसला गेला, तेथें दांते टेकतात हें उघड.

ठसा दांत्याच्या मधोमध यावयास पाहिजे होता. तो टोंकाजवळ उमटला.

"चालेल," पुतण्या म्हणाला. "थोडाच वर आहे."

म्हाताऱ्यांनीं हातांतला फडका खालीं ठेवला. "चालेल. पांच हजार मैल चालेल. मग दांत्याचें टोंक उडेल, तेव्हां गाडींत तुमच्या काकू बसलेल्या असतील." एवढें बोलून ते चहा पिण्यास घरांत गेले.

पुतण्या क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानें निमूटपणें सारें पुन्हा खोललें. पिनियन आणखी आंत सरकविण्यासाठीं जाड शिम घातली, पुन्हा दाब, पुन्हा फट, पुन्हा लेप. ठसा खालीं सरकला. परंतु आतां दांत्याच्या आंतल्या टोंकाकडे झुकला. तेव्हां क्राउन व्हील किंचित् दूर सारलें. रात्रीं साडेनऊ वाजतां, तिकडे अजून उजेड होता, ठसा मधोमध आला.

काम चालू असतां म्हाताऱ्यांनीं आणखी एक गोष्ट समजावून दिली, ती आमच्या विशेष लक्षांत राहिली आहे. साध्या डिफरन्शियलमध्यें एक मोठी उणीव असते. ती दोन्ही चाकांस जोर सारखाच देते; त्यामुळें एक चाक चिखलांत घसरूं लागलें, कीं तें जेवढा अल्प भार घेऊं शकतें तेवढाच दुसऱ्यासही मिळतो. घसरणारें चाक गरगर फिरतें, कोरड्या जमिनीवरचें जागचें हलत नाहीं, आणि गाडी तेथेंच रुतते. म्हणून जोरकस गाड्यांत पेटीच्या दोन्ही बाजूंस घर्षणाच्या तबकड्या बसवितात. त्या चाकांस वळणावर निरनिराळ्या गतीनें फिरूं देतात. पण एक फारच पुढें पळूं लागलें, कीं त्याला आवरतात आणि त्याचा जोर मंद चाकाकडे वळवितात. या तबकड्यांसाठीं तेलांत निराळें द्रव्य घालावें लागतें. नाहीं तर गाडी सावकाश वळतांना मागून कुरकुर ऐकूं येते.

पुतण्यानें इंजिन आणखी सुधारण्याचा आणि रुंद टायर घालण्याचा आपला बेत सांगितला, तेव्हां म्हातारे म्हणाले, "जोर वाढविण्याच्या आधीं तो शेवटीं कोणाच्या अंगावर पडणार तें पाहा. आज टायर घसरतो, म्हणून आंस वांचतो. टायर घट्ट धरणारा आणलास, तर तोच धक्का अर्ध-आंसास, त्याच्या सांध्यास, मग पिनियनला बसेल. तुटावयाचें तें सर्वांत दुबळें तुटतें, आणि तें बहुधा नजरेआड असतें."

त्या रात्रीं जेवतांना सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "बाहेरच्या चाकानें लांब जावें, त्यांत त्याचा दोष नाहीं. वळणच तसें आहे. पण गाडी वळते ती आंतल्या चाकाच्या बाजूला. तें जागच्या जागीं फिरत असतें, म्हणून कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. तुमच्यांत त्या तबकड्या तेवढ्या बसवावयाच्या राहिल्या आहेत."

पुतण्यानें मान वर केली नाहीं. जेवण झाल्यावर तो बाहेर गेला आणि त्यानें दादास फोन लावला. पुण्यास तेव्हां पहांटेचे साडेतीन वाजले असतील. पण दादा जागाच होता, कारण वडिलांना झोंप लागत नव्हती. दोघे भाऊ तास-दीड तास बोलले. काय बोलले हें आम्हीं विचारलें नाहीं. सकाळीं पुतण्यानें एवढेंच सांगितलें कीं, तो दरवर्षीं दोन महिने पुण्यास येऊन राहील. ते दोन महिने आईबाबांची रात्र त्याची, आणि दादा-वहिनींनीं कोठेंही जावें. रात्रीं सोबतीस एक शिकलेला माणूस ठेवावयाचा, त्याचा पगार तो देईल. रुंद टायर आणि नवें इंजिन यांस या वर्षीं रजा.

मंगळवारीं आम्ही निघालों. नव्या चक्रांस पहिले कांहींशें किलोमीटर जपावें लागतें. प्रथम थोडें चालवून गाडी थंड होऊं द्यावयाची, जोरानें हांकावयाची नाहीं. म्हणून बारा सिलिंडरांची ती वेगवान गाडी टपालगाडीसारखी रमतगमत चालली आणि मागून येणाऱ्या साऱ्या गाड्या आम्हांस ओलांडून गेल्या. वेल्सच्या डोंगरांत वळणावर वळणें येत होतीं. आम्ही कान देऊन ऐकत होतों. मागें कांहींच आवाज नव्हता.

परत आल्यावर बंधूंना सर्व सांगावें लागलें. 'घेऊनच ये' म्हटलें असतां रिकाम्या हातीं आल्याबद्दल ते रागावतील, अशी आम्हांस भीति होती. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें, बराच वेळ खिडकींतून बाहेर पाहिलें. मग विचारलें, "त्या गाडीचा आवाज आतां येतो का रे?"

"नाहीं," आम्हीं सांगितलें.

"बरें झालें," ते म्हणाले. "माघांत येतो म्हणाला ना? वरची खोली झाडून घ्या."